अंबाडा वजा करून

मला मुलांच्या हायस्कुलात गणित शिकवायचं होतं. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीपायी अकोल्यातल्या बऱ्याच शहाण्या डोक्यांचे एक्स-रे निघाले आणि त्या डोक्यांची बेरीज-वजाबाकी मलाच करावी लागली. पुढे आयुष्यात कुणी मला शास्त्रीय पुरावा वगैरे सांगायला लागलं की मी आधी त्यांना विचारत असे, ‘यातून काय काय वजा केलंत?’ लोकांना वाटे, बाई खवचट आहे. आहेच मी खवचट.

वऱ्हाड तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी अमरावतीला मावशीकडे राहून गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. वर्गात आम्ही दोघी मुली होतो. दुसरीचं मधेच लग्न झालं, तेव्हापासून पहिल्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी पडली. तिथे आमचे प्राध्यापक आपली छत्री ठेवत. छत्रीला आणि मला त्यांनी सारख्याच आदराने वागवलं, म्हणजे दोघींनाही कधी प्रश्न विचारला नाही. तरी मी पहिल्या वर्गात पास झाले.

परत अकोल्याला आले तर मुलींच्या शाळेत एक जागा होती. शिवण आणि अंकगणित. शिवण आधी, अंकगणित उरलं तर. त्याच उन्हाळ्यात मुलांच्या हायस्कुलातले गणिताचे मास्तर निवृत्त होऊन आपल्या गावी निघून गेले, आणि मी अर्ज केला. वडील जुन्या शहरात भिक्षुकी करत. मुहूर्त, पंचांग, पत्रिका, सगळं तोंडी. ते म्हणाले, ‘कर अर्ज. नाही म्हणाले तर आपलं काय जातं?’ आई म्हणाली, ‘स्थळं जातात.’

शाळेची समिती नावाला मोठी होती, चालवत होते तिघे. अध्यक्ष होते जठारपेठेतले एक वकीलसाहेब. दुसरे तिथलेच डॉक्टर. तिसरे तेल्हाऱ्याकडचे एक पाटील, कापसाचे मोठे शेतकरी. शाळेचा हॉल त्यांच्या देणगीतून झाला होता, म्हणून बैठकीत पंख्याखालची खुर्ची त्यांची. माझ्याखेरीज दुसरा अर्ज एकच होता, वकीलसाहेबांच्या भाच्याचा. तो तिसऱ्या खेपेला बी.एस्सी. झाला होता. चिकाटी हा गुण धरला तर तो माझ्यापेक्षा निश्चित सरस होता.

मला मुलाखतीला बोलावलं. एकही गणित विचारलं नाही. वकीलसाहेब फार गोड बोलत. म्हणाले, ‘बेटा, तू हुशार आहेस, त्यात वादच नाही. पण बायकांचा मेंदू मुळातच लहान असतो. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं.’

हे शास्त्र त्यांनी कुठल्याशा साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात वाचलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मी एवढंच म्हटलं, ‘कुणी मोजला?’

झालं. या दोन शब्दांनी सगळं रामायण सुरू केलं. कारण डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी त्याच वर्षी मुंबईहून एक्स-रेचं यंत्र आणलं होतं. हौसेने आणलं, पण त्या यंत्राला पुरतील इतके मोडलेले हातपाय अकोल्यात मिळत नव्हते. ते म्हणाले, ‘मोजला नसेल तर आपण मोजू. आपल्याकडे यंत्र आहे. पुरुषांच्या डोक्यांचे फोटो काढू, बायकांच्या काढू. दोन्हीकडची सरासरी घेऊ. शास्त्राला ठरवू दे ना!’

तेल्हाऱ्याचे पाटील पान चघळत म्हणाले, ‘होऊन जाऊ द्या, बाप्पा. मशीन रिकामीच बसून राह्यली.’

मी विचारलं, ‘पण डॉक्टरसाहेब, एक्स-रेत मेंदू कुठे दिसतो? हाडंच दिसतात.’

‘अगं, डबा मोठा असला तर साखर जास्त मावणार ना?’

जठारपेठेत सगळ्यात मोठा बंगला वकीलसाहेबांचा होता आणि त्यात नवरा-बायको अशी दोनच माणसं राहत. हे मला तिथे म्हणता आलं नाही. माझी जागा त्या डब्यात अडकली होती ना.

वकीलसाहेबांनाही कल्पना पसंत पडली. निकाल काय येणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि शंका नसली की माणूस प्रयोगाला फार उदार होतो. मधली एक अडचण डॉक्टरांनी बोलून दाखवली. त्यांना आकडेमोड जमत नसे. औषधाचे डोसही ते कंपाउंडरला विचारून घेत. मग कोण करणार एवढं गणित? तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बाईच्या डोक्यात गणित मावत नाही हे सिद्ध करायला जे गणित लागणार होतं, ते बाईकडून करून घ्यायचं ठरलं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चुकवून ठेवलं असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत फोटो सुरू झाले. पुरुष आले ते बाररूममधले वकील, शाळामास्तर आणि पाटलांच्या ओळखीचे दोन-चार शेतकरी. प्रत्येकाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर पाठ टेकली, वरच्या दिव्याखाली डोळे मिटले आणि फोटो निघेपर्यंत आपण फार मोठं कार्य करत आहोत असा चेहरा ठेवला. डोक्याखाली प्लेट, वर दिवा, अशी रचना होती. कवटीची सावली प्लेटवर उमटे. डॉक्टरांच्या सवयीने येणाऱ्या प्रत्येकाचं वजन आणि उंचीही लिहून ठेवली जात होती.

बायका आल्या त्या महिला मंडळातल्या. फोटो म्हटल्यावर त्या ठेवणीतली लुगडी नेसून, नाकात नथ घालून आल्या. डॉक्टरांच्या पत्नी दारात उभ्या राहून एकेकीची नथ काढून ठेवत होत्या. एकीने विचारलं, ‘कुंकू येईल ना नीट?’ डॉक्टर म्हणाले, फोटोत चेहरा येत नाही. त्यावर निम्म्या बायका घरी जायला निघाल्या. मग त्यांना चहा दिला.

आता मुद्द्याची गोष्ट. डॉक्टर म्हणाले, ‘केस मोकळे करता का जरा?’

मग मंडळाच्या वयस्कर कार्याध्यक्षीणबाई म्हणाल्या, ‘मोकळे केस सोडून परपुरुषासमोर निजू? काहून, घरात कोनी गेलं का आमच्या?’

डॉक्टर इतके लाजले की त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, ‘राहू द्या, राहू द्या. तसेही केस फोटोत येत नाहीत.’

हे अगदी खरं होतं. केस फोटोत येत नाहीत. सगळ्या बायका आपापल्या अंबाड्यावर डोकं ठेवून निजल्या. त्या काळचे अंबाडे म्हणजे नारळाएवढे असत, आणि केस कमी असले तर आत गंगावन असे. माझाही फोटो त्यांतच निघाला, माझ्याही अंबाड्यासकट.

मग मी दवाखान्याच्या खिडकीशी बसले. डॉक्टर प्लेट उजेडाला धरून पट्टीने डोक्याची रुंदी मोजत, मी लिहून घेई. सरासरी काढली. पुन्हा काढली. कागद उलटा करून शेवटापासून बेरीज केली. उत्तर एकच येत होतं.

बायकांची डोकी मोठी होती.

थोडीथोडकी नाही, नजरेत भरण्याइतकी. डॉक्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘पुन्हा बघ बेटा, नावं अदलाबदल झाली असतील.’ नावं जागच्या जागी होती. खोटं का सांगू, मला आनंद झाला. घरी जाताना मोर्णा नदीच्या पुलावर मी चक्क एकटीच हसत होते. जागा माझी, असंच मी धरून चालले होते.

बातमी बैठकीच्या आधी महिला मंडळात पोचली, कारण डॉक्टरांच्या पत्नी मंडळाच्या चिटणीस होत्या. आठवडाभर जठारपेठेतल्या नवऱ्यांनी फार सोसलं. भाजीत मीठ कमी आहे म्हणायची सोय उरली नाही. पाटील बैठकीला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाले, ‘वकीलसाहेब, हे काय लावून ठेवलं तुमी? घरवाली मले म्हन्ते, लहान्या डोक्याचे, जेवाले या.’

वकीलसाहेब शांत होते. खटला हरत आला की ते असेच शांत होत, असं लोक सांगत. ते म्हणाले, ‘डॉक्टर, नुसती डोकी मोजून कसं चालेल? तुलना सारख्याची सारख्याशी पाहिजे. मंडळाच्या बायका चांगल्या खात्यापित्या घरच्या, अंगाने भरलेल्या. वजन जास्त, तर डोकंही मोठं दिसणार. वजन वजा करा.’

मला सांगायला हवं की मुद्दा चुकीचा नव्हता. दोन गटांची तुलना करताना मधे तिसरंच काही लुडबुडत असलं तर ते बाजूला काढावंच लागतं. मी काढलं. एका वजनाचा पुरुष आणि त्याच वजनाची बाई अशा जोड्या लावल्या आणि जोडीजोडीतला फरक पाहिला. बायका तरीही पुढे.

पुढच्या बैठकीत वकीलसाहेब म्हणाले, ‘वय वजा करा.’ केलं. बायका पुढे. मग म्हणाले, ‘बाळंतपणात बाईच्या अंगाला सूज चढते, ती पुरती उतरत नाही. लेकुरवाळ्या बायका काढून टाका.’ काढल्या. ज्या राहिल्या त्यांचीही डोकी मोठीच. मग तूप निघालं, कुणाच्या ताटात किती पडतं ते. मग असं निघालं की पुरुष लहानपणापासून टोपी घालतात, त्यामुळे डोकं दबतं. टोपी कशी वजा करायची हे मला कळेना. डॉक्टर बिचारे प्रत्येक सूचनेला ‘हंऽ, तेही आहे’ म्हणत. त्यांचा स्वभावच तसा होता. रोगी म्हणाला पोट दुखतं तर पोटाचं औषध, म्हणाला नाही हो, पाठ, तर पाठीचं.

घरी मी वडिलांपुढे संतापून बोलले. ते पत्रिका बघत बसले होते. त्यांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाले, ‘अगं, हे तर आमच्या धंद्यातलं. स्थळ मनात भरलं असलं की कडक मंगळालासुद्धा परिहार सापडतो. एक नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा, सापडेपर्यंत शोधायचा. आणि स्थळ नको असलं की अठ्ठावीस गुण जुळूनही नाडी आडवी येते.’

‘मग तुम्ही खरं काय ते सांगत नाही?’

‘मला पत्रिका बघायला बोलावतात. खरं सांगायला बोलावलं तर तेही सांगेन.’

त्याच दिवशी दिवेलागणीला ते सापडलं, आणि मला मेलीलाच सापडलं. आई कंदील घेऊन देवघराकडे गेली. वडील भिंतीपासून जरा लांब संध्येला बसलेले. कंदील त्यांच्याजवळ आला तशी भिंतीवरची त्यांची सावली वाढत गेली. शेंडीची गाठ पार तुळईला टेकली. ते भिंतीकडे सरकले की सावली लहान होई. लहानपणी याच भिंतीवर हाताची हरणं करताना हे शंभर वेळा पाहिलेलं. दिव्याच्या जवळ आणि भिंतीपासून लांब, की सावली मोठी.

एक्स-रेची प्लेट म्हणजे भिंत. डोकं म्हणजे हरीण. पुरुषांची डोकी प्लेटला टेकलेली. बायकांची डोकी अंबाड्यावर, म्हणजे प्लेटपासून लांब आणि दिव्याच्या जवळ. केस फोटोत येत नव्हते, पण डोकं उचलून धरत होते. दुसऱ्या दिवशी प्लेटा पाहिल्या तर प्रत्येक बाईच्या कवटीत अंबाड्यात खोचलेले आकडे पांढरे स्वच्छ उमटलेले. रोज डोळ्यांपुढे होते आणि मी त्यावरून पट्टी फिरवत होते.

आता कुणी म्हणेल, गप्प बसायचं होतं. आईने तेच म्हटलं. पण पाटीवर चुकीचं उत्तर दिसत असताना मला तिथून उठताच येत नाही. तो काही मोठा गुण नाही, खाज असते एकेकाला तशी ती आहे. मी डॉक्टरांकडे गेले, आकडे काढले, केस मोकळे सोडले आणि म्हटलं, ‘पुन्हा फोटो काढा.’ डॉक्टर जमिनीकडे बघत पत्नीला हाका मारायला लागले. पत्नीने मला टेबलावर नीट निजवलं, डॉक्टरांनी दाराबाहेरून बटण दाबलं. नव्या प्लेटवर माझं डोकं लहान झालं होतं. मग डॉक्टरांच्या पत्नीने मंडळातल्या आणखी काही जणींना समजावून, पुरुष खोलीबाहेर ठेवून, तसेच फोटो काढवले. सगळ्यांची डोकी लहान झाली.

आई म्हणाली, ‘तुला कुणी सांगितलं होतं गं अंबाडा सोडायला? ते वजा करून करून थकले असते आणि जागा दिली असती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.’ आणि ती रडली. तिला स्थळांची काळजी होती तितकीच त्या जागेची आशाही लागली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. फळा होता, खडू होता. मी कंदील आणि हरीण सांगितलं, अंबाडा वजा केला. पुरुषांची सरासरी पुढे गेली. फार नाही, पण गेली.

वकीलसाहेबांचा चेहरा उजळला. ‘शाब्बास बेटा! स्वतःच्या तोंडाने खरं बोललीस. झालं तर मग, शास्त्राने निकाल दिला.’

‘अजून एक वजा करायचं राहिलंय,’ मी म्हटलं. ‘उंची. पुरुष उंच आहेत. उंच माणसाचं सगळंच मोठं असतं, पायसुद्धा. पायावरून कुणी गणिताचा मास्तर नेमत नाही.’

‘आता पुरे झालं वजा करणं,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘उंची देवाने दिलेली. देवाने दिलेलं वजा करायचं नसतं.’

‘आणि वजन?’

‘वजन तुपाने येतं.’

तेव्हा पंख्याखालून पाटील बोलले. ‘थांबा ना वकीलसाहेब. पोरगी बराबर बोलून राह्यली. माह्या काळ्या जमिनीतला कापूस आन् भावाच्या बरड वावरातला कापूस एका काट्यावर घालून म्या म्हन्लं, पाहा, मी शायना, भाऊ येडा. त चालीन का? जमीन सारखी धरा, मंग पाहा कोन शायना.’

इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं. मी फळ्यावर जोड्या लावल्या. आमच्याकडे बुटके वकील होते आणि उंच बायकाही होत्या, सुदैवाने. सारख्या उंचीचा पुरुष आणि सारख्या उंचीची बाई. जोडीमागून जोडी. कुठे तो थोडा पुढे, कुठे ती. शेवटी जो फरक उरला तो खडूच्या रेघेत मावत होता. मी खडू खाली ठेवला.

डॉक्टरांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि वकीलसाहेबांकडे बघून पुन्हा मांडीवर ठेवले.

वकीलसाहेब उठले. प्लेटांच्या गठ्ठ्यातून त्यांनी माझी प्लेट शोधून काढली. म्हणाले, ‘ही मुलगी असामान्य आहे, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. हिच्यासारख्या बायका किती? एक. अशा एकीवरून सगळ्या बायकांचं ठरवणं न्यायाला धरून नाही. हिचं डोकं बायकांत धरायलाच नको.’ आणि माझी प्लेट त्यांनी गठ्ठ्यापासून लांब, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. ‘आता ही सोडून सरासरी काढा.’

‘मग मला पुरुषांत धरा,’ मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

मग हात वर झाले. भाच्याच्या बाजूने वकीलसाहेबांचा, मग डॉक्टरांचा अर्धा, मग पाटलांचा पुरता. मी पाटलांकडे बघत राहिले. त्यांनी हात खाली घेतला आणि अगदी मायेने म्हणाले, ‘मले समजलं, पोरी. पुरं समजलं. पन मत का समजून द्याचं असते? वकीलसाहेबाइची आन् आमची सोयरीक हाय.’

मी प्लेट उचलली आणि घरी आले. पुलावर या खेपेला हसले नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की ते सगळे माझ्याशी इतक्या चांगुलपणाने वागले होते. शिवी दिली असती तर मला उलटून देता आली असती. जुलैपासून मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागले. गुंड्यांची काजं करताना अंतरं सारखी कशी ठेवायची हे मी मुलींना इतकं समजावून सांगे की त्या कंटाळत. डॉक्टरांनी आपला अहवाल अमरावतीच्या डॉक्टर मंडळींपुढे वाचला. त्यात अंबाडा होता, वजन होतं, तूप होतं. उंची नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं ते मला आपणहून सांगायला आले, आणि चहा न घेताच गेले.

प्लेट आमच्या घरी दिवाणाच्या गादीखाली पडली होती. पुढच्या वर्षी चैत्र संपताना सकाळचं सूर्यग्रहण आलं. वडिलांनी वेध, स्पर्श, मोक्ष सगळं काढून ठेवलं होतं. मोर्णेच्या काठावर सगळं गाव जमलेलं. नदीत गुडघाभर पाणी, त्यातच लोक जप करत उभे. सकाळची शाळा सोडून नवे गणिताचे मास्तर, म्हणजे भाचा, मुलांना घेऊन आले होते. वकीलसाहेब होते. पाटीलही तेल्हाऱ्याहून स्नानाला आले होते. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, म्हणून कुणी काचेला काजळी धरलेली, कुणी परातीत हळदीचं पाणी. मी गादीखालची प्लेट घेऊन गेले होते.

वकीलसाहेबांनी पाहिलं. ‘अरे वा, एक्स-रेची प्लेट! आण बेटा, बघू.’ मी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी डोळ्यांपुढे धरली आणि मान वर केली.

शेजारी पाटील अंग पुसत होते. त्यांनी भाच्याला विचारलं, ‘काहो मास्तर, चंद्र लहान, सूर्य त हा एवढा मोठा. मंग हा त्याले झाकते कसा?’

भाच्याने मुलांकडे पाहिलं, मग मामाकडे. म्हणाला, ‘ते ग्रहांचं असतं. वरच्या वर्गात आहे.’

मुलं माझ्याकडे बघायला लागली नव्हती, मला कुणी विचारलंही नव्हतं. पण पाटीवर चुकीचं उत्तर होतं. मी म्हटलं, ‘पाटीलसाहेब, एक डोळा मिटा. आता अंगठा डोळ्याजवळ आणून त्या देवळाच्या कळसावर धरा. गेला ना कळस? आता हात लांब करा. दिसला? चंद्र आपल्या जवळ आहे, सूर्य फार फार लांब. लहान असूनही झाकतो.’

पाटलांनी अंगठा जवळ नेला, लांब नेला. मागच्या सगळ्या मुलांनीही एकेक डोळा मिटून अंगठे धरले. कळस जात होता, येत होता. पोरं हसायला लागली. पाटील इतके खूश झाले की त्यांचा पंचा खांद्यावरून पाण्यात पडला, तरी त्यांना भान नव्हतं.

‘अशी गोष्ट हाय होय!’ ते म्हणाले. मग भाबडेपणाने, अगदी मनापासून, मला विचारलं, ‘काहो बाई, तुमी हे आमच्या पोराइले काहून नाई शिकवत?’

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझं डोकं अजून डोळ्यांपुढे धरलेलं होतं.

‘वा!’ ते म्हणाले. ‘काय स्वच्छ दिसतंय यातून!’